धाकट्याकडची कॉपी

आधीच सांगतो, या ग्रुपवरच्या गोष्टी मी आजवर चहाबरोबर काहीतरी वाचायचं म्हणून वाचत आलोय. घाटात लिफ्ट मागणारी बाई, रिकाम्या घरातले पैंजण... वाचायचं, थोडं हसायचं आणि कामाला लागायचं. तीस वर्षं डीटीपीचं काम करतोय. माझा विश्वास दोनच गोष्टींवर होता — जे टाईप केलं तेच छापून येतं, आणि जे डिलीट करून वर रिसायकल बिनही रिकामी केली ते परत येत नाही. त्यातली दुसरी गोष्ट गेल्या दिवाळीनंतर माझ्या डोळ्यांदेखत खोटी ठरली. माझी दोन नंबरची मुलगी अश्विनी शेजारी बसली होती, म्हणून निदान माझं डोकं फिरलेलं नाही एवढं तरी नक्की.

आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरीच्या मागच्या अंगाला एका बोळात. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मध्ये अरुंद जिना. जिन्याच्या वळणावर भिंतीला इंटरनेटचा राउटर. वरच्या एका खोलीत माझं काम चालतं — पत्रिका, वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड, रक्षाविसर्जनाची निवेदनं. माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत त्याचं नाव तीन-चार वेळा तरी माझ्या हाताखालून जातं.

पण खरं काम लग्नपत्रिकांचं. आणि आमच्या जिल्ह्यातली पत्रिका म्हणजे काय असते ते बाहेरच्यांना कळायचं नाही. वधूवरांची नावं कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, आणि बाकी सगळा कागद भावकीचा. स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, कार्यवाहक, खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं. नावापुढं कंसात माजी सरपंच, दूध संस्थेचे व्हाइस चेअरमन. कोण वर, कोण खाली यावरून घरं फुटलेली मी पाहिली आहेत. आणि कोणाचं नाव राहिलंच, तर मग विचारूच नका.

माझ्या घरातही राहिलं होतं. माझ्या सख्ख्या भावाचं, दिलीपचं.

चार वर्षांपूर्वी थोरल्या मुलीचं, स्वातीचं लग्न झालं. दिलीपचं बिऱ्हाड तेव्हा पलीकडच्या बोळात होतं आणि आम्ही दोघं एकत्रच काम करायचो. वरच्या खोलीत समोरासमोर दोन टेबलं, दोन कंप्युटर, मधून एक निळी वायर. कंप्युटरची नावं त्यानंच ठेवलेली — माझा THORLA, त्याचा DHAKTA. डिझाईन तो करायचा, मजकूर मी. फायनल झालेली प्रत्येक फाईल दोन्हीकडे ठेवायची ही त्याची शिस्त. "दोन जागी ठेव दादा. एक तुझ्याकडं, एक माझ्याकडं." दिवसातून दहा वेळा म्हणायचा. वैताग यायचा मला.

स्वातीच्या पत्रिकेत 'स्वागतोत्सुक'मध्ये माझ्या नावाखाली लगेच दिलीप आणि सुनंदा, आणि खाली पोरांच्या ओळीत त्यांचा ओंकार, असं हवं होतं. छापून आली त्यात तिघंही नव्हते. "जुनी फाईल गेली छापायला, कंप्युटरचा घोळ," असं मी सगळ्यांना सांगितलं. बायकोला, पोरींना, भावकीला, ज्यानं विचारलं त्याला. सांगून सांगून तोंडात बसलं होतं ते वाक्य.

लग्नानंतर चौथ्या दिवशी टेम्पो आला आणि दिलीप बिऱ्हाड घेऊन गारगोटीला गेला. सुनंदाला तिकडच्या शाळेत नोकरी लागली होती, ते आधीच ठरलेलं. पण त्यानंतर चार वर्षांत तो या घरी आला नाही, मी तिकडं गेलो नाही. सणाला जावा जावा फोनवर बोलायच्या. आम्ही नाही.

आता अश्विनीचं ठरलं. सुपारी फुटली, तारीख निघाली. पोरगी आयटीत आहे, घरातूनच काम करते. स्वभावानं माझ्या बायकोवर, मंगलवर गेली आहे, बोलायला कमी करत नाही. ती एकच म्हणाली, "पप्पा, ताईच्या लग्नातल्या एका पण फोटोत काका न्हाय. आख्खा दिवस पंगतीत वाढत होता तो. माझ्या लग्नात फोटोत पायजे. न्हायतर मी फोटोच काढणार न्हाय."

मी म्हणालो, पत्रिकेत नाव घालू, कोणाच्या तरी हातून पाठवून देऊ. म्हणजे स्वतः जायचं नव्हतं मला. जाऊन काय बोलणार होतो? सख्ख्या भावाला पत्रिका दुसऱ्याच्या हातून पाठवणं हा नाव गाळण्याइतकाच मोठा अपमान, हे तीस वर्षं पत्रिका करणाऱ्याला कोणी सांगायला नको. पण खरं सांगतो, दमलो होतो. माणूस दमला की सोपं तेच बरोबर वाटायला लागतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. माझ्या गुडघ्यांनी जिना सोडला म्हणून पंधरा दिवसांपूर्वी खाली हॉलमध्ये नवा कंप्युटर घेतला होता. जुना THORLA वरच. एकेक फाईल पेन ड्राईव्हवर घेऊन खाली आणायची म्हणजे दिवसात पंचवीस वेळा जिना. त्या दिवशी अश्विनीच्या पत्रिकेसाठी स्वातीच्या पत्रिकेतली भावकीची यादी हवी होती, नावं पुन्हा टाईप करायला नकोत म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्रिका प्रेसला द्यायची होती. मी जिन्याची पहिली पायरी चढलो आणि तिथंच बसलो.

"पप्पा, काय करायलाइस तिथं?" अश्विनी वरून ओरडली.

"बसलोय."

"पेन ड्राईव्ह ठेव बाजूला. दोन्ही कंप्युटर जोडून देते. तिथनंच वरच्या फायली उघडायच्या."

दुपारचे सव्वातीन झाले असतील. पुढचा पाऊण तास ती वर, मी खाली, आणि मधे जिन्यातून आरडाओरडा. दोन्हीकडे वर्कग्रुपचं नाव एकच ठेव. नेटवर्क 'प्रायव्हेट' कर. फाईल शेअरिंग चालू कर. तिनं वर 'पत्रिका' नावाच्या फोल्डरवर राईट क्लिक करून तो शेअर केला, सगळ्यांना परवानगी दिली. मी खाली उघडतोय तर म्हणे पासवर्ड द्या. कसला पासवर्ड? "तो बंद करायचा असतो पप्पा, सेटिंगमध्ये शेवटाला हाय!" मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "अवो, बोळात सगळ्यांस्नी कळलं आता तुमचा पासवर्ड न्हाय ते."

शेवटी अश्विनी लॅपटॉप बगलेत मारून खाली आली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. 'नेटवर्क'वर क्लिक केलं. एक हिरवी रेघ हळूहळू सरकली आणि घरातले कंप्युटर एकेक करून दिसायला लागले. तिचा लॅपटॉप. हा नवा. THORLA.

आणि DHAKTA.

अश्विनीच आधी म्हणाली, "हे काय? काकाचा कंप्युटर अजून वर हाय?"

"न्हाय. टेम्पोतनं गेला त्यो. तूच तर की-बोर्ड आणून ठेवलास टेम्पोत."

"मग जुनं नाव राहिलं असंल कुठंतरी." तिनं जाऊन राउटर बंद केला, मिनिटभर थांबली, चालू केला. आम्ही परत पाहिलं. चार नावं. मग तिनं राउटरच्या आतली यादी उघडली, कोणकोणती यंत्रं जोडली आहेत त्याची. त्यात आमचे फोन आणि तीन कंप्युटर. DHAKTA त्यात नव्हता. म्हणजे राउटरच्या हिशेबानं तो घरात नव्हता, आणि माझ्या स्क्रीनवर होता.

"नवा कंप्युटर पंधरा दिवसांचा हाय पप्पा," ती हळू म्हणाली. "ह्यानं काकाचा कंप्युटर कवा बघितलाच न्हाय. ह्याला नाव कळलं कुठनं?"

मी सांगितलं, राहू दे, THORLA उघड, यादी घे, काम आवरू. पण तिनं तोवर DHAKTA वर डबल क्लिक केलं होतं. पासवर्ड मागितला नाही. आत एकच फोल्डर, त्यात एकच फाईल. 'स्वाती-फायनल'.

तिनं ती उघडली.

स्वातीची पत्रिका. डाव्या कोपऱ्यात दिलीपनं स्वतः काढलेला मोर. 'स्वागतोत्सुक'मध्ये माझं नाव, आणि त्याखाली लगेच — श्री. दिलीप, सौ. सुनंदा. खाली पोरांच्या ओळीत ओंकार, सगळ्यात पुढं.

"पप्पा," अश्विनी म्हणाली, "फायनलमध्ये तर काकाचं नाव हाय."

तिनं स्क्रीनवर त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मग छापायला गेली ती कुठली?"

मी खुर्ची मागं सरकवली. कंप्युटर दिसला म्हणून नव्हे... त्याचं कारण तुम्हाला सांगायलाच हवं, इथपर्यंत वाचलंत म्हणून. कसलीही जुनी फाईल गेली नव्हती. प्रेसला देण्याच्या आदल्या संध्याकाळी दिलीप म्हणाला होता, लग्न झालं की आम्ही गारगोटीला जाणार. ऐन लग्नसराईत, वीस वर्षांचं एकत्र काम टाकून. मला आधी विचारलंही नाही. मी फक्त "बरं" म्हणालो. तो घरी सामान बघायला उठून गेल्यावर मी फायनल फाईल उघडली आणि तिघांची नावं काढली. जायचंच आहे तर जा म्हटलं, माझ्या दारातही नाव नको. वेगळ्या नावानं सेव्ह केली, प्रेसला धाडली. मूळ फाईल डिलीट केली, रिसायकल बिनही रिकामी केली. तीस वर्षांच्या धंद्यात एकच गोष्ट विसरलो — समोरच्या टेबलावर दुसरी कॉपी होती.

पत्रिकांचा गठ्ठा आला तेव्हा दिलीपनंच फोडला. वाचली. मग आपल्या कंप्युटरवर काहीतरी उघडून बघितलं, बराच वेळ. मी समोरच बसलो होतो, मान खाली घालून. तो उठला आणि म्हणाला, "छपाई बरी झालीया." आणि पुढचे दोन दिवस स्वतःचं नाव नसलेल्या त्या पत्रिका स्कूटरवर घालून कागलकडच्या सगळ्या पाहुण्यांत तोच वाटत फिरला.

हे मी चार वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी अश्विनीलाही सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं फाईल ओढून माझ्या डेस्कटॉपवर कॉपी केली आणि एक प्रिंट काढली. प्रिंटर थांबला, आम्ही परत नेटवर्क बघितलं. तीन नावं होती. DHAKTA गेला होता. परत कधीही दिसला नाही, आजतागायत.

ती प्रिंट माझ्या हातात देऊन अश्विनी एवढंच म्हणाली, "पप्पा, पत्रिका कुणाच्या हातनं पाठवू नगंस." आणि वर गेली. तिला तेवढ्यात सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गारगोटीला गेलो. प्रेसवाल्याला सांगितलं, संध्याकाळी देतो. दीड तासाच्या रस्त्यात काय बोलायचं ते ठरवत होतो, एकही वाक्य ठरलं नाही. दिलीपचं घर बाजाराच्या मागं. दार उघडंच होतं.

"या दादा... बसा की," सुनंदा म्हणाली. तिला माझ्याकडे बघून काय करावं कळेना, मलाही. "हे डेअरीला गेल्यात दूध घालायला. येतील इतक्यात. च्या ठेवते."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि समोर फ्रिज दिसला. फ्रिजच्या दारावर स्वातीची पत्रिका लावलेली होती. मी छापलेली ती. नाव नसलेली. चार वर्षांत कडा पिवळ्या पडल्या होत्या. वर एक चकचकीत, अर्धचंद्रासारखं वाकडं चुंबक.

सुनंदानं माझी नजर बघितली. "म्या एकदा काढलती," ती म्हणाली. "त्येंनी परत लावली."

तेवढ्यात दिलीप आला. हातात रिकामी किटली, पायाला शेण. केस पांढरे झालेत. मला बघून दारातच थांबला.

"काय रं, कवा आलास?"

"आत्ताच."

"अशूचं ठरलं म्हनं."

"ठरलं."

त्यानं किटली खाली ठेवली, मोरीवर जाऊन हातपाय धुवायला लागला. मी त्याच्या पाठीला बघूनच बोललो, तोंडाकडे बघून जमलं नसतं. "दिलीप, ती कंप्युटरची चूक न्हवती. म्या काढली नावं. मुद्दाम."

तो हात धूतच राहिला. "ठावं हाय मला."

"कवापासनं?"

"गठ्ठा फोडला तवापासनं. फायनल माझ्याकडं होतीच की."

"मग चार वर्सं बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून थांबलतो."

सुनंदा चहाचं आधण बंद करून तशीच उभी होती. मला राहवेना. म्हटलं, "मग ती पत्रिका कशाला डोळ्यांपुढं लावून ठेवलीयास?"

त्यानं टॉवेलला हात पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी येडचापासारखंच विचारलं होतं. "स्वातीचं नाव हाय की त्यात."

मला तिथंच रडू आलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, भावाच्या मोरीसमोर. त्यानं टॉवेल पुढं केला. दुधाचा वास येत होता त्याला.

चहा झाल्यावर मी पिशवीतून प्रिंट काढून त्याच्यापुढं ठेवली. मोर, नावं, ओंकार. त्यानं ती हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली.

"ही कुठनं आली तुझ्याकडं?"

"तुझ्या कंप्युटरवरनं." आणि काल दुपारचं सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे मला विशेष वाटलं. उठला आणि म्हणाला, "चल, दावतो."

मागच्या गोठ्यात, दोन म्हशींच्या पलीकडं, कडब्याशेजारी DHAKTA चा पत्र्याचा डबा आडवा पडला होता. आत काहीही नव्हतं, फक्त एक मांजर आणि तिची तीन पिल्लं.

"टेम्पोत आपटला," दिलीप म्हणाला. "हितं आल्यापास्नं चालूच झाला न्हाय. लई खटपट केली, तुझी-माझी वीस वर्साची कामं होती त्यात. शेवटी हार्डडिस्कच फोडून बघितली. आतल्या तबकड्या ओंकारनं खेळून टाकल्या. चुंबक तेवढं कामाला आलं."

"कुठलं चुंबक?"

"फ्रिजवर हाय ते."

आम्ही परत स्वयंपाकघरात आलो.

अश्विनीच्या पत्रिकेचं प्रूफ मी सोबत नेलं होतं. ते त्यानं तिथंच चुलीशेजारी बसून वाचलं, नेहमीसारखं पेननं एकेका नावावर ठिपका देत. स्वतःच्या नावावर आला तेव्हा जरा थांबला, ठिपका दिला आणि पुढं गेला. एसटी स्टँडवर सोडायला आला. गाडी लागली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला, "फायनल झाली की दोन जागी ठेव, दादा. मोबाईलवर पाठव. एक माझ्याकडं असू दे."

लग्न झालं. काका फोटोत आहे, अश्विनीच्या उजव्या हाताला. शर्टावर वरणाचा डाग आहे, कारण हाक मारीपर्यंत तो परत पंगतीतच होता.

आता तुम्ही कारणं सांगाल. आमच्या ओळखीच्या दोन इंजिनिअरांनी सांगून झालीत. एक म्हणाला, THORLA मध्ये जुन्या जोडणीची साठवलेली प्रत असेल. अश्विनीनं आख्खी डिस्क शोधली, तशी फाईल नाही. दुसरा म्हणाला, कुठल्या तरी पेन ड्राईव्हवरून आली असेल. माझा पेन ड्राईव्ह नव्या कंप्युटरबरोबरच घेतलेला, पंधरा दिवसांचा, त्यात चार वर्षांपूर्वीची फाईल कुठून येणार? फाईल आजही माझ्या डेस्कटॉपवर आहे. तारीख चार वर्षांपूर्वीची, मी नावं काढली त्याच्या दोन तास आधीची. ज्या डिस्कवर ती होती तिच्या तबकड्या एका पोरानं खेळून टाकल्यात आणि चुंबक गारगोटीत एका फ्रिजवर आहे. मला काही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आता शोधायची ताकदही नाही.

काम चालूच आहे. लोकांची लग्नं थांबत नाहीत. रोज जी फाईल फायनल होते ती मी दिलीपला मोबाईलवर पाठवतो. कोणाची आहे, कुठल्या गावची, तो विचारत नाही. उत्तरही देत नाही. थोड्या वेळानं दोन निळ्या खुणा येतात, आणि मी पुढची पत्रिका घेतो.